हनुवटीचा पट्टा

बोरीवली (पूर्व), २० जानेवारी १९८६

सौ. सुहासिनीवन्संना,
अनुपमाचा नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि मी तुम्हाला. नंदू तळवडेकर हा तुमचा धाकटा भाऊ, त्याची मी बायको. लग्नाला यंदा दहा वर्षं होतील. एवढ्या काळात तुमचं नाव या घरात मी दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा सासूबाई उठून आत गेल्या. तुम्ही वीस वर्षांपूर्वी माणिकलालांशी लग्न करून नवसारीला गेलात आणि तेव्हापासून येणं-जाणं बंद, एवढंच मला माहीत आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझी एक चुलतबहीण पंजाब्याबरोबर गेली. आधी सगळ्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली, आता तेच लोक तिच्याकडे पराठे खायला जातात.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून कामाचंच विचारते. तुमच्या घराण्यात कुणाचा खालचा जबडा पुढे होता का?

हसू नका. आमची मृणाल आता साडेआठ वर्षांची आहे. दुधाचे दात पडून पक्के आले, ते खालचे चार वरच्यांच्या पुढे येऊन बसले. सगळ्यांचे वरचे दात खालच्यांवर झाकणासारखे बसतात, हिचं झाकण उलटं. पुढच्या दातांनी तिला शेवईसुद्धा तोडता येत नाही, मान वाकडी करून दाढेनं तोडते. 'स' म्हणताना हवा जाते. शाळेत पोरं तिला बुलडॉग म्हणतात. हल्ली ती हसताना तोंडावर हात ठेवते. वन्सं, साडेआठ वर्षांची पोर तोंड झाकून हसते, ते मला बघवत नाही.

सासूबाई म्हणतात, "जातला आपसूक मागे. मोठी झाली काय कळाचासुदिक नाय." माझा आपसूक या शब्दावर विश्वास नाही. आपसूक फक्त दूध उतू जातं.

म्हणून मी अंधेरीला, माझ्या ऑफिसजवळ, डॉ. चंद्रप्रकाश नाबर म्हणून दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तिला नेलं. त्यांनी गुलाबी लगदा तोंडात दाबून दातांचे साचे घेतले, बाजूनं एक्स-रे काढला. मग समजावून सांगितलं. काही मुलांचे नुसते दात उलटे बसलेले असतात, ते सोपं. काहींचा वरचा जबडा मागे राहतो, काहींचा खालचा जास्त वाढतो. मृणालचं दोन्ही थोडं थोडं आहे. आत्ता वाढीचं वय आहे, हाड ऐकतं. हे वय गेलं की मग अठरा वर्षांपर्यंत थांबायचं आणि हाड कापून मागे घ्यायचं. कापून! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर मात्र पावाची स्लाइस कापावी तसं बोलत होते.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचं असं आहे का? कारण हे पुष्कळदा रक्तातून येतं, आणि तसं असेल तर आत्ता सुधारलं तरी वयात येताना जबडा पुन्हा पुढे धावू शकतो. माझ्या माहेरच्या चार पिढ्यांचे दात मला पाठ आहेत. त्यांत तसं कुणी नाही. तुमच्या भावाला विचारलं, तो म्हणाला नाही. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्यात कोणाचा नाय तसा. तुझ्या माहेरचा आसतला." एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. ते तांदूळ त्यांनी सकाळीच निवडले होते.

पाणी कुठेतरी मुरतंय. म्हणून तुम्हाला लिहिलं. उत्तर सोबत दिलेल्या माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

तुमची भावजय,
अनुपमा

ता.क. तुमच्या भावाला लग्नाआधीपासून दाढी आहे. दाढीखाली काय आहे, ते तुम्हाला माहीत असेल तर तेही कळवा.


बोरीवली, १२ फेब्रुवारी १९८६

सौ. वन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. 'आमच्या घरात कुणाचाही जबडा तसा नव्हता. मुलीला सांभाळा.' बस. ना आशीर्वाद, ना सही.

खरं बोलणाऱ्याला दोन-चार ओळी लागतात हो. अमक्याचे दात असे होते, तमकीचे तसे, आमचा काका जरा बोळका होता, असं काहीबाही माणूस लिहितो. इतकं नेमकं 'नाही' मी फक्त वकिलाच्या नोटिशीत वाचलंय. आणि 'मुलीला सांभाळा' म्हणजे काय? कुणापासून? हा आशीर्वाद आहे की धमकी, ते मी ऑफिसात कार्ड उलटंसुलटं करून बघत बसले. शेजारच्या टेबलावरची विमला म्हणाली, "अगं, साधं आहे गं, काळजी घ्या असं लिहिलंय." विमलाला सगळंच साधं वाटतं. तिच्या नवऱ्याला शनिवारीही ओव्हरटाइम असतो, तेही तिला साधं वाटतं.

असो. दाढीचा निकाल लागला. मागच्या रविवारी मी तुमच्या भावाला सांगितलं, आज उतरवायची.

"येडी झालीस काय? दहा वर्षं दिसली नाही तुला?"

"तेव्हा मुलगी नव्हती. डॉक्टरांना हनुवटी बघायची आहे."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. पण पुरुष माणूस बायकोचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकतो. तो मोरीत गेला आणि अर्ध्या तासानं बाहेर आला. वन्सं, मी काय काय मनाशी धरून बसले होते! आणि बघते तर इवलीशी, पेढ्याएवढी हनुवटी. पुढे येण्याची गोष्ट सोडा, होती तीच जेमतेम. मृणाल पोट धरून हसली, हात न ठेवता हसली, म्हणून मीही हसले. तुमचा भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता पुन्हा वाढवतोय, वाढवू दे बिचारा. दाढी त्यानं काही लपवायला नव्हे, भर घालायला ठेवली होती.

सासूबाईंनी त्याला बघितलं आणि म्हणाल्या, "बापाशीसारखो दिसता." म्हणजे सासऱ्यांचीही हनुवटी तशीच. मग हा जबडा आला कुठून? सासूबाईंचा स्वतःचा तर सरळ आहे, मी जेवताना बघितलाय.

राहिलात तुम्ही. या घरात तुमचा एकही फोटो नाही. का नाही, ते आता मला वेगळंच वाटायला लागलंय. रागावू नका, पण एक फोटो पाठवा. बाजूनं काढलेला.

अनुपमा


बोरीवली, ७ एप्रिल १९८६

सौ. वन्संना सा. नमस्कार.

फोटो मिळाला. खरंच बाजूनं काढून पाठवलात! मला वाटलं होतं, माझं पत्र चुलीत जाईल. नाक अगदी माझ्या नवऱ्याचं. जबडा सरळ. तुमच्यावरचा तो संशय मी मागे घेते.

पण फोटोच्या मागे तुम्ही एक प्रश्न लिहिलाय, 'मुलगी रात्री आजीजवळ झोपते का?' हो, झोपते. बाहेरच्या खोलीत, जन्मल्यापासून. पण हे तुम्ही का विचारता? वीस वर्षं तुम्ही या घराचा उंबरा पाहिला नाही, मग नवसारीत बसून तुम्हाला आमच्या गाद्या कुठे पडतात याची चौकशी कशाला? मी हा प्रश्न चार वेळा वाचला आणि चारही वेळा माझ्या अंगावर काटा आला, कारण नेमकं तिथेच काहीतरी बिनसलंय.

सांगते. फेब्रुवारीअखेर डॉक्टर नाबरांनी मृणालला चिन-कॅप दिली. हनुवटीवर बसेल अशी कडक वाटी, तिला दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, ते गालांवरून वर जाऊन डोक्यावरच्या टोपीला अडकतात. मध्ये रबर आहे, ते हनुवटीला मागे ओढून धरतं. शिवाय तोंडात एक छोटी प्लेट. शाळेत घालायची नाही. पण घरी आल्यावर दुपारची झोप, संध्याकाळ आणि सगळी रात्र चढवलेली हवी. रोज, न चुकता. "पट्टा काम करत नाही," डॉक्टर म्हणाले, "वेळ काम करते."

मृणाल शहाणी आहे. कुरकुरली, पण घालते. रात्री मी स्वतः बक्कल लावते. सकाळी बघावं तर पट्टा खिडकीच्या गजाला टांगलेला. सासूबाई म्हणतात, "झोपेत सुटता गो." सुटतो! बक्कल मागे, मानेवर आहे. मला जागेपणी दोन हातांनी उघडताना नाकी नऊ येतात, आणि तो म्हणे झोपेत सुटतो, सुटून गजाला लटकतो.

परवा डॉक्टरांनी रबर ओढून बघितलं. मग मृणालच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. तिथली कातडी थोडी लाल, रखरखीत व्हायला हवी होती. ती लोण्यासारखी. ते मला म्हणाले, "बाई, रबर दुकानातून आणल्यासारखं आहे. मुलगी हे घालत नाही." मी शपथेवर सांगितलं, घालते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी रेशनच्या रांगेत घुसणाऱ्या बाईकडे बघते. म्हणाले, "जूनअखेरपर्यंत फरक दिसला नाही तर मी हे थांबवेन. उगाच मुलीला त्रास नको. अठराव्या वर्षी बघू." म्हणजे कापू.

जिना उतरताना मृणाल म्हणाली, "आई, मी नाही काढत. देवाशप्पथ." मग जरा थांबून म्हणाली, "आजी ना, मी झोपले की माझ्या नाकाखाली बोट धरते."

"कशाला?"

"काय माहीत. तिला वाटतं मी झोपलेय. मग मी खरंच झोपते."

नाकाखाली बोट! वन्सं, तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला मी काय सांगू. आमच्या मागच्या डोंगराच्या पायथ्याशी एक भगत बसतो. सासूबाई गेल्या महिन्यात तिकडे जाऊन आल्या, गुडघ्यासाठी म्हणे. मी मृणालची उशी उसवून बघितली, काही सापडलं नाही. पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे.

तुम्हाला काही माहीत आहे. सासूबाईंना काही माहीत आहे. मधल्या मध्ये माझ्या मुलीचा जबडा वाढतोय.

अनुपमा


बोरीवली, २२ एप्रिल १९८६

वन्सं,

घाईत लिहिते. मृणालला मी आतल्या खोलीत माझ्याजवळ झोपवलं. दोन रात्री पट्टा जागच्या जागी राहिला. म्हणजे कोण काढतं ते नक्की झालं. पण सासूबाईंनी जेवण सोडलं. भांडण नाही, तंडण नाही, नुसतं ताट सरकवून बसायचं. तुमच्या भावाला घाम फुटला. मला म्हणतो, "जाऊ दे ना यार, आईचं वय बघ."

"आणि मुलीचं वय कोण बघणार? तिचं वय जूनमध्ये संपतंय."

त्यावर तो पेपर उघडून बसला. तिसऱ्या रात्री मृणालच उठली आणि आपली उशी घेऊन आजीकडे गेली. सकाळी पट्टा गजाला.

मला कळत नाही, आजीला नातीचं वाकडं का हवं असावं? मुलगी तोंड झाकून हसते, हे तिला दिसत नाही? की माझी मुलगी म्हणून दिसूनही चालतं? मी सहा दिवस नोकरी करते, मुलगी त्यांच्या हातात असते. हात कोणाचे आहेत ते मला आता समोरून बघायचंय.

उद्या मी नेहमीसारखी डबा घेऊन निघणार आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी परत येणार. तुम्हाला आधीच सांगतेय, कारण हे पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. कुणाला सावध करायला तुम्हाला वेळ मिळणार नाही.

अनुपमा


बोरीवली, २४ एप्रिल १९८६

वन्सं,

काल दुपारी आले. चपला हातात घेऊन जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं, मी फटीतून बघितलं.

मृणाल चटईवर उताणी झोपली होती, पट्टा घातलेला. सासूबाई शेजारी पाटावर. त्यांनी वाकून तिच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग मान हळूच उचलून मागचं बक्कल सोडलं आणि पट्टा काढून मांडीवर घेतला. पुन्हा बोट धरलं. मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं.

मी दार ढकललं. "सापडलात!" असं ओरडले मी. चोर पकडल्यासारखी. मला आता तो आवाज आठवला की लाज वाटते.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आराडू नको, पोर उठात."

"का काढता? का? डॉक्टर माझ्या तोंडावर मला खोटी म्हणाला! जूनमध्ये बंद करणार आहे तो. मग कापायचं तिचं हाड?"

"मेल्या माणसाचा तोंड बांधतत, अनुपमा. जित्या पोराचा बांधूचा नसता."

मग त्यांनी पट्टा उचलून माझ्यापुढे धरला. पांढरा. हनुवटीखालून डोक्यावर. "डोळे मिटलेले, तोंड बांधलेला. माका थंय मृणाल दिसनाच नाय. मालन दिसता."

"कोण मालन?"

तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे काय. पण त्या जे बोलल्या ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या, "माझी. सुहासच्या पाठची. नऊ वर्साची. तापान गेली. तिचाव तोंड असाच, खालचे दात भायर. गेली तेवा तोंड मिटाक तयार नाय. बायका म्हणाक लागली, बांध, नायतर असाच रव्हात. फडको बेगीन गावलो नाय. सुहासन आपल्या वेणयेतली रिबीन काढून दिली, शाळेची, पांढरी. मीच बांधलंय. घट बांधूचा लागला." मग म्हणाल्या, "एक वेणी सुटलेली आणि एक रिबिनीची, तशीच ती पोर दोन दिवस चाळीत फिरत होती. कोणी तिची वेणी घातली नाय. मीव घातली नाय."

नंदू तेव्हा दोन वर्षांचा. त्याला मालन नावाची बहीण होती, हे त्याला काल संध्याकाळी कळलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, जेवायला बोलावलं तेव्हा आत आला. घरात मालनचं नाव काढायचं नाही, अशी सासूबाईंनी सगळ्यांना शपथ घातली होती. तुम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होतात.

म्हणजे 'आमच्या घरात कुणाचाही जबडा तसा नव्हता' हे तुम्ही खोटं लिहिलंत, ते आईची शपथ पाळायला. जिनं वीस वर्षं तुमचं तोंड बघितलं नाही, तिची शपथ. आणि 'मुलीला सांभाळा', आणि 'आजीजवळ झोपते का', हे सगळं, मालनसारख्याच तोंडाची, मालनच्याच वयाची पोर तुमच्या आईजवळ झोपते या काळजीपोटी, त्या शपथेच्या अलीकडे उभं राहून जेवढं सांगता येईल तेवढं होतं. मी त्याची धमकी केली. मी पत्रातून तुमचा फोटो मागवला, तोही बाजूनं. वन्सं, मला माफ करा.

सासूबाई बोलत असताना मी मृणालकडे बघितलं. पट्ट्याच्या खुणा गालांवर होत्या. दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले, तेव्हा त्यांचंही तोंड बांधलं होतं, मी बघितलंय. आणि रोज रात्री मीच हे बक्कल लावत होते. मला एकदाही ते दिसलं नाही. त्यांना रोज दिसत होतं.

आज डॉक्टरांना मालनचं सांगितलं. त्यांनी दातांचे साचे पुन्हा काढून बघितले. मग म्हणाले, म्हणजे रक्तात आहे, पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत मी हिला सोडणार नाही. पट्टा तर आता हवाच, दुसरा इलाज नाही.

घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या नुसत्या "पांढरो नको" म्हणाल्या. दुसरा रंग अंधेरीत मिळत नाही. काय करावं, मला सुचत नाही.

तुमची,
अनुपमा


बोरीवली, १८ मे १९८६

सौ. वन्संना नमस्कार.

तीन आठवडे तुमचं काही नाही, मी रोज ऑफिसात टपाल बघत होते. मनात पुन्हा तेच चक्र, रागावल्या असतील, शपथ मोडली म्हणून माझ्यावर उलटल्या असतील. आणि काल पार्सल. आत चिठ्ठी नाही. नुसत्या लाल बांधणीच्या शिवलेल्या पट्ट्या, दोन लांब, एक आखूड, आत घालायला पोकळ. चिठ्ठी नाही म्हटल्यावर मी आधी पिशवी झटकून बघितली. माझी खोड कुठे जाणार!

त्या मी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. कोणी पाठवल्या ते सांगितलं नाही. त्यांनी एक पट्टी उलटी करून आतली शिवण बघितली. अंगठ्यानं टाके चाचपले. म्हणाल्या, "हो टाको माझो."

मग सुईत दोरा ओवून द्यायला मृणालला बोलावलं. पांढऱ्या पट्ट्यांवर लाल बांधणी चढवून त्यांनी स्वतः शिवली, वाटीलासुद्धा कडेनं लाल गोट लावला. तुमचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं मृणालला पट्टा घातला. बक्कल मला दोनदा दाखवायला लावलं. सकाळी बघितलं, पट्टा मृणालच्या डोक्यावर होता. सासूबाईंचे डोळे तांबारलेले. बहुतेक रात्रभर बोट धरून बसल्या असतील. मी विचारलं नाही. पण काढला नाही त्यांनी.

मृणाल म्हणते, ती आता नवरीसारखी दिसते. गॅलरीत उभी राहून शेजारच्या मुलींना दाखवते.

अनुपमा


बोरीवली, २ डिसेंबर १९८६

प्रिय वन्सं,

जूनमध्ये डॉक्टरांनी थांबवलं नाही. रबर सैल पडलं होतं, ते बघून खूश झाले आणि माझ्याकडे पुन्हा माणसाकडे बघावं तसं बघायला लागले. गणपतीपर्यंत दात टोकाला टोक आले. आणि आज त्यांनी मृणालला आरसा दिला. वरचे दात खालच्यांवर बसलेत. नखाएवढेच, पण वर. डॉक्टर म्हणाले, "काम संपलेलं नाही, अजून दोन वर्षं रात्री घालायचं आणि उंची वाढेल तशी मी मोजत राहणार." मी हो म्हटलं. घरी येऊन मात्र टॉर्च लावून मी स्वतः बघितलं. डॉक्टर हसतमुख असला की मी जास्त बारकाईनं बघते.

संध्याकाळी सासूबाईंनी शेवयांची खीर केली. एक शेवई लांब ठेवून मृणालच्या ओठांत धरली आणि म्हणाल्या, "तोड." तिनं मान वाकडी न करता पुढच्या दातांनी कट्‌ करून तोडली. मग सगळ्यांकडे बघून हसली. हात खालीच होता. मला रडू आलं, नंदू दाढी खाजवत भिंतीकडे बघायला लागला.

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मालन आठवली. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि मला विचारलं, "नवसारीक पत्र लिवतंस मां?"

मी एवढे महिने ऑफिसचा पत्ता देऊन लपवत होते. त्यांना सगळं माहीत होतं. संशय घ्यायचा तर तो त्यांनी घ्यायला हवा होता, आणि त्यांनी नुसती वाट बघितली.

"लिहिते," मी म्हटलं.

"मगे लिही तिका, रिबीन पावली."

मी लिहून घेतलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मृणालनं पट्टा आणून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी तिच्या हनुवटीला लावला, केस मोकळे केले, बक्कल अडकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"आणि विचार, दुसरी आसा काय तिच्याकडे अजून. आसली तर घेवन येवक सांग. वेणी घालूची रवली हा."